एका ओळीत

अकरा वर्षं धंतोलीतल्या लॅबमध्ये
मी हे शब्द टाइप करते आहे.
वर नाव, वय. खाली निदान.
'इन्व्हेझिव्ह डक्टल' तर इतक्या वेळा
की पहिली तीन अक्षरं दाबली
की पुढचं कॉम्प्युटर आपसूक भरतो.
मी भरू देते. दीड वाजता डबा उघडते.

एका मंगळवारी वरच्या ओळीत आलं:
पंचफुला नेवारे, बावन्न.
माझी नणंद.
बोटांनी सवयीची तीन अक्षरं दाबली, ओळ भरली,
आणि मॅडमच्या अक्षराशी ताडून पाहिलं तर
दुसरा शब्द खोडावा लागला.

ती कळमन्याला बावीस वर्षं संत्री निवडते.
बोली सुरू व्हायच्या आत, बल्बच्या उजेडात,
मोठं इकडे, मधलं तिकडे, चुरी टोपल्यात.
डागी फळ ती बघत नाही, हात बघतो.
बोलता बोलता अंगठा थांबतो
आणि फळ मागे जातं.

"मंग माह्या हाताले काऊन नाही लागलं, वहिनी?
गाठच नोती. आंघोळीच्या वक्ती पाहे ना मी.
नुसता ब्लाउज एका बाजूनं वढल्यावानी वाटे."

मी तिच्यापुढे संत्रंच सोललं. दुसरं काय येतं मला.
आत फोडी, फोडीत रसाच्या बारीक पिशव्या.
दूध अशाच पिशव्यांत तयार होतं
आणि बोंडापर्यंत नळ्यांतून येतं.
नळीत उगवतो तो डक्टल. बहुतेकींचा तोच.
भिंतीच्या आतच राहिला तर इन सिटू, जागच्या जागी.
भिंत फोडली की इन्व्हेझिव्ह.
तो बहुतेकदा गाठ धरतो, हाताला लागतो.

"आन् पिशवीतला?"

पिशवीतला लोब्युलर. तुमचा.
तो गोळा होत नाही, ताई.
मॅडमनी मला भिंगातून दाखवलं,
पेशी एकामागे एक, एका ओळीत,
रेशनच्या दुकानापुढं बाया उभ्या राहतात तशा,
कुणी कुणाचा हात धरलेला नाही.
गर्दी नाही, म्हणून गाठ नाही.
तुमच्या अंगठ्याची चूक नाही.

ती फोडीवरचे पांढरे दोरे काढत राहिली.
मग म्हणाली, "आमच्यात शेवंता होती.
तिची साल बदलली होती वरची.
लाल, गरम, छिद्रं छिद्रं. संत्र्यावानीच.
आमी हासलो होतो."
त्या प्रकाराचंही नाव आहे, मी सांगितलं.
ती ऐकत नव्हती.

रिपोर्टच्या शेवटी तीन रकाने असतात,
ईआर, पीआर, हर-टू.
कुणाचे तिन्ही निगेटिव्ह निघाले
की मॅडम चहा तसाच ठेवतात.
पंचफुलाताईंचे पहिले दोन पॉझिटिव्ह.
पॉझिटिव्ह म्हणताच चेहरा उतरला.
"नाही वं, इथं ते बरं असते," मी म्हटलं,
"औषधाला धरायला मूठ आहे.
गोळी आहे, रोजची, वर्षानुवर्षं."

"आन् कापणं?"

ते डॉक्टर सांगतील, असं म्हणायला हवं होतं.
मी म्हटलं, "हो."

तिनं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.
"आंबियाचं हाये," ती म्हणाली, "थोडं आंबटच राहाते."
आम्ही खाल्लं. बिया कुठं टाकाव्या कळेना,
तिनं मुठीत धरल्या.

बुधवारी पुन्हा खुर्ची, पुन्हा कीबोर्ड.
वर्धमाननगरची कुणी, एकोणचाळीस.
तीन अक्षरं दाबली. कॉम्प्युटरनं पुढचं पुढे केलं.
बरोबरही होतं ते.
तरी मी खोडलं
आणि एकेक अक्षर टाइप केलं.
नखांत सालीचा वास होता अजून.